शेतराखणीची जुनी बंदूक : पारख, सफाई आणि निगा

भाद्रपद सरत आला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या आणि मक्याची कणसे दुधावर आली, की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. आणि मग माळ्यावर वर्षभर पडून राहिलेल्या बंदुकीची घरधन्यास आठवण होते. ही बंदूक बहुधा नवी नसते. ती वडिलांकडून वारसाने आलेली असते, किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून थोडक्या पैशांत घेतलेली असते. जुने हत्यार वाईट असते असे नाही. चांगल्या कारागिराने घडविलेली आणि नीट राखलेली बंदूक तीन पिढ्या काम देते. परंतु हयगयीने पडून राहिलेले जुने हत्यार पुढे उभ्या असलेल्या जनावरापेक्षा मागे उभ्या असलेल्या धन्यासच अधिक घातक होते. नळी फुटली म्हणजे पहिला घाव डाव्या हाताच्या बोटांवर पडतो, आणि टोपीची ठिणगी उडाली तर ती डोळ्यात जाते. सबब, अशा बंदुकीची पारख कशी करावी, तिची निगा कोणत्या क्रमाने राखावी आणि तिच्यावर कोणता खर्च करणे सार्थ व कोणता व्यर्थ, याचा विचार या लेखात केला आहे.

कायद्याची मर्यादा

आरंभी कायद्याचे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात शेतकऱ्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात असून, तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली, आणि एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या हत्यारांची संख्या तिनावरून दोनावर आणली. वरातीत वा जत्रेत हर्षाने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा त्याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे.

विनापरवाना हत्यार घडविणे, दुरुस्त करणे, त्याचे रूपांतर करणे किंवा नळी कापून आखूड करणे यांस मनाई आहे. म्हणून गावचा लोहार कितीही कुशल असला तरी बंदूक त्याच्या भात्याजवळ नेऊ नये. पुसणे, धुणे, तेल लावणे एवढे धन्याचे काम; बाकीचे परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाराचे. तसेच रानडुक्कर व रोही ही जनावरे १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली येतात. वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्यावाचून त्यांस मारता येत नाही. शेत आपले असले, बंदूक आपली असली, तरी ही परवानगी निराळी घ्यावी लागते हे विसरू नये.

फौजेच्या स्वस्त हत्यारांचा धडा

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर फौजांकडे उरलेली लक्षावधी हत्यारे पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, स्वस्तात विकली गेली. तेथे १९६८ च्या कायद्याने या व्यापारास बराच आळा घातला, आणि १९८४ मध्ये जुन्या संग्राह्य हत्यारांपुरता तो पुन्हा सैल केला. पुढे सोव्हिएत गोटातील राष्ट्रांच्या कोठारांतून टोकारेव्ह नावाचे पिस्तूल असेच स्वस्तात बाहेर पडले. आपल्याकडे हा मार्ग सामान्य नागरिकास बंद आहे. १९६२ च्या शस्त्रनियमांनी ·३०३ च्या रायफली, ·४१० च्या मस्केटी आणि फौजेची ·३८०, ·४५५ किंवा ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत बसतात अशी पिस्तुले निषिद्ध वर्गात टाकली. म्हणून फौजेचे मोडीत काढलेले हत्यार स्वस्तात मिळवून देतो असे कोणी म्हणाल्यास त्याच्या वाटेस जाऊ नये.

हत्यार आपल्या उपयोगाचे नसले तरी ते घेणाऱ्यांस आलेला अनुभव मात्र उपयोगाचा आहे. त्यातून तीन गोष्टी निघाल्या. पहिली ही, की कोठारातून आलेल्या पिस्तुलावर घट्ट वंगणाचा थर असे, आणि तो कानाकोपऱ्यांतून काढल्यावाचून हत्याराची खरी स्थिती दिसत नसे. दुसरी ही, की अनेक वर्षे दाबाखाली राहून थकलेल्या कमानी बदलणे हीच सर्वांत स्वस्त व सर्वांत हितकर सुधारणा ठरे. मुळच्या टोकारेव्हला निराळी सुरक्षा-कळ नव्हती. अर्ध्यावर अडविलेला घोडा हीच काय ती तिची सुरक्षितता. म्हणून अमेरिकेत जाणाऱ्या पिस्तुलांना निराळी कळ बसवावी लागली. आपल्या ठासणीच्या बंदुकीची स्थिती हीच आहे, आणि तिला तर अशी कळ नसतेच. तिसरी गोष्ट जुन्या फौजी काडतुसांची. ती वापरल्यावर नळी तेलाने कितीही पुसली तरी थोड्याच दिवसांत गंजे. या तिसऱ्या गोष्टीचे कारण पुढे सफाईच्या प्रकरणात येईल, आणि तेच या लेखाचे मुख्य सार आहे.

प्रथम परीक्षा

बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. मग ज्याच्याजवळ गाल टेकून बार काढावयाचा ते हत्यार न पारखता कसे घ्यावे? परीक्षेचा क्रम असा ठेवावा.

१. बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे. काडतुसाची बंदूक मोडून पाहिली की उलगडा होतो. ठासणीच्या बंदुकीत आत काय आहे ते डोळ्यांस दिसत नाही. यास उपाय गजाचा. नळी रिकामी असल्याची पूर्ण खात्री असताना गज बुडापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण कोरून ठेवावी. पुढे केव्हाही गज सोडला असता खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काही तरी आहे असे समजावे. प्रस्तुत लेखकाच्या घरी एकदा गेल्या हंगामाचा बार तसाच नळीत राहिला होता. घरातील सर्वांच्या मते बंदूक रिकामी होती. गजाची खूण मात्र चार बोटे वर उभी राहिली. त्यावर दुसरा बार ठासला असता तर हा लेख लिहिण्यास हात उरला असता की नाही, कोण जाणे. असा अडकलेला बार स्वतः खरवडून काढू नये. बंदूक जाणत्या कारागिराकडे न्यावी.

२. नळीत अडथळा आहे काय ते पाहावे. माळ्यावर ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बांधावरून जाताना तोंड चिखलात टेकले तर चिखलाचा बोळा बसतो. एवढासा अडथळाही नळी फुगण्यास किंवा फुटण्यास पुरतो.

३. काडतुसाच्या बंदुकीची नळी उजेडाकडे धरून आतून न्याहाळावी. खिडकीच्या गजाची सावली नळीच्या आत सरळ रेषेने पडली पाहिजे. ती एखाद्या ठिकाणी कडे केल्यासारखी वाकली, तर तेथे नळी फुगलेली आहे. गंजाचे खळगे तोंडाजवळ असले तर ते एक वेळ चालतील. बुडाजवळच्या पहिल्या वीतभर भागात असले तर चालणार नाहीत, कारण दारूचा सर्वांत मोठा दाब तेथेच येतो.

४. दुनळी बंदुकीच्या नळ्या सोडवून, एका बोटावर टांगून लाकडाने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर जोड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर डाख सुटला आहे.

५. बंदूक बंद करून, पुढचे लाकूड काढून, दस्ता काखेत धरून नळी हलवावी. बिजागरीत खटखट जाणवली, किंवा नळीचे बूड व मागची भिंत यांमधून उजेड दिसला, तर बंदूक सैल झाली आहे. ती घट्ट करवून घेतल्यावाचून बार काढू नये.

६. रिकाम्या बंदुकीचा घोडा पूर्ण चढवून अंगठ्याने पुढे रेटून पाहावा. तो सुटता कामा नये. मग अर्ध्यावर ठेवून चाप ओढून पाहावा. तेव्हाही सुटता कामा नये. अर्ध्या घोड्याची खाच झिजलेली असल्यास ती बंदूक खांद्यावर घेऊन चालणे म्हणजे चाप धरूनच चालणे होय.

७. शेवटी शिक्के वाचावेत. विलायती बंदुकीवर लंडनच्या किंवा १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के असतात. नेहमीपेक्षा जबर बार काढून नळीची परीक्षा झाली, असा त्यांचा अर्थ. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या नक्षीदार नळीस दमास्कस म्हणतात. ती दिसण्यास सुंदर असते, परंतु पुष्कळ वेळा तिची परीक्षा काळ्या दारूपुरतीच झालेली असते. धूर न करणाऱ्या दारूची परीक्षा झाल्याचा शिक्का नसेल, तर अशा नळीत आजचे काडतूस घालू नये.

घेतेवेळी एका फसवणुकीपासून विशेष सावध राहावे. नळी आतून घासून आरशासारखी केलेली असते आणि बाहेरून नवा काळा उजळा दिलेला असतो. घासल्याने खळगे जातात खरे, पण त्यांबरोबर नळीची जाडीही जाते. गंजाचे दोन ठिपके दिसणारी प्रामाणिक नळी ही चकचकीत पातळ नळीपेक्षा केव्हाही बरी.

सफाई : आधी पाणी, मग तेल

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. काळी दारू जळाली म्हणजे ती सर्वच्या सर्व धूर होऊन जात नाही. तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन क्षार मागे राहतात. त्यांतील काही नळीत चिकटतात आणि हवेतील ओलावा ओढून घेतात. टोपीतही पुष्कळदा पोटॅशियम क्लोरेट हे द्रव्य असते. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होते, आणि हा क्षार आपल्या मिठाचा सख्खा भाऊ आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी जशी पाझरते, तसाच हा क्षार नळीत पाझरतो आणि एका रात्रीत तांबूस गंज धरवितो.

येथे बहुतेक जण चूक करतात ती अशी, की बार काढून आल्यावर नळीत तेलाचा बोळा फिरवून बंदूक ठेवून देतात. परंतु मीठ तेलात विरघळत नाही, हे लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. तेलाखाली क्षार तसाच राहतो आणि झाकल्या जागी आपले काम चालू ठेवतो. क्षारास काढणारे द्रव्य एकच, ते म्हणजे पाणी. ब्रिटिश फौजेत ·३०३ च्या रायफलीतून बार काढल्यावर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती, ती याच कारणाने. जुन्या फौजी काडतुसांनी पिस्तुले गंजत, तेही याच क्षाराने. लोखंडास पाणी लावू नये ही आपली समजूत एरवी बरोबर आहे. येथे मात्र पाणी न लावल्यानेच लोखंड गंजते.

ठासणीच्या बंदुकीची सफाई त्याच दिवशी संध्याकाळी करावी. उद्यावर टाकू नये. गजाच्या खुणेने नळी रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर सोडवावी. ज्या पोकळ खुंटीवर टोपी बसते ती खुंटी बेताच्या पान्याने काढून निराळी धुवावी. नळीचे बूड कोमट साबणपाण्याच्या बादलीत ठेवावे आणि गजास चिंधी गुंडाळून वरखाली करावी. पिचकारीप्रमाणे पाणी बुडाच्या छिद्रातून आत ओढले जाते व बाहेर फेकले जाते. प्रथम पाणी काळे येईल, गंधकाची दुर्गंधी सुटेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते बदलत राहावे. शेवटी उकळते पाणी ओतावे, म्हणजे नळी तापून आपोआप कोरडी होते. मग कोरड्या चिंध्या एकामागून एक फिरवाव्यात, आणि नळी गरम असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून पाहावी. तांबूस डाग आला तर सर्व क्रम पुन्हा करावा.

आजच्या काडतुसांच्या टोपीत बहुधा हा क्षार नसतो. त्यामुळे काडतुसाच्या बंदुकीस पाण्याची गरज पडत नाही. तिच्या नळीत शिसे व प्लास्टिक यांचा लेप बसतो. तो पितळी तारांच्या कुंच्याने सोडवावा, रॉकेलच्या चिंधीने पुसावा आणि रॉकेल पूर्ण टिपून मग तेल लावावे.

तेल कोणते लावावे

घरात हाताशी असते ते गोडे तेल, करडईचे किंवा खोबरेल. यांतील एकही बंदुकीस योग्य नाही. करडईचे तेल हवेने हळूहळू वाळून चिकट होते, आणि कमानी व खाचा यांत राळेसारखे बसते. मग ऐन वेळी घोडा जड पडतो. खोबरेल थंडीत गोठते. खनिज तेल, म्हणजे शिवणयंत्रास घालतात तसले पातळ तेल, हेच योग्य. आणि तेही थोडेच. जास्त तेल खुंटीच्या छिद्रात उतरून टोपी व दारू भिजविते आणि बार फुसका जातो. म्हणून हंगामात प्रथम भरण्यापूर्वी कोरड्या चिंधीने सर्व तेल टिपून घ्यावे.

लाकडी दस्त्यास मात्र जवसाचे तेल उत्तम. वाळून पापुद्रा धरण्याचा जो गुण लोखंडास घातक, तोच लाकडास हितकारक आहे. महिन्यातून एकदा तळहाताने चोळून लावावे, म्हणजे पावसाने लाकूड फुगत नाही आणि उन्हाने तडकत नाही.

बंदूक कातडी वा लोकरी खोळीत घालून ठेवू नये; खोळ पावसाळ्याचा ओलावा धरून ठेवते. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नये; त्याने आत दमटपणा राहतो, आणि तो काढण्याचा विसर पडला तर अनर्थ होतो. कोरड्या जागी, कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. दारू व काडतुसे निराळ्या कुलपात. आषाढ ते आश्विन दर पंधरवड्यास बाहेर काढून पुसावी.

भरताना व झाडताना

ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूवाचून दुसरी कोणतीही दारू घालू नये. काडतूस फोडून त्यातील बिनधुराची दारू ठासण्याचा मोह काहींस होतो; तिचा दाब ठासणीच्या नळीस पेलत नाही, आणि अशा मोहाची किंमत बोटांनी मोजावी लागते.

काडतुसाच्या बंदुकीत लांबीकडे लक्ष द्यावे. जुन्या विलायती बारा बोअरच्या बंदुकींचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. आजची काडतुसे पुष्कळशी ७० मिलिमीटरची असतात. लांब काडतूस आखूड घरात सहज बसते, म्हणून धोका कळत नाही. परंतु बार होताना त्याची दुमडलेली कड उलगडण्यास जागा उरत नाही आणि दाब बेसुमार वाढतो. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, बारा बोअरची काडतुसे होतात. कोणतीही पेटी घेताना तीवरील लांबी वाचून घ्यावी. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीजवळ ठेवूच नये. अंधारात ते चुकून घातले गेले तर घसरून नळीत पुढे अडकते. नळीत काही नाही असे वाटून मागे बारा बोअरचे घातले, की नळी फुटलीच.

बार न उडाल्यास बंदूक लगेच उघडू नये अथवा तिच्या तोंडाशी पाहू नये. कधी कधी ठिणगी रेंगाळून पोहोचते. तोंड निर्धोक दिशेस धरून निदान एक-दोन मिनिटे थांबावे.

खर्च कोठे करावा

जुन्या बंदुकीवर चार पैसे घालावयाचे झाल्यास ते या क्रमाने घालावेत. पहिली खुंटी. तिचे छिद्र झिजून मोठे झाले की बाराचा वायू मागे फुटतो आणि टोपीचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. नव्या खुंटीस लागणारा पैसा थोडा, पण ती डोळे वाचविते. दुसरी घोड्याची कमान. टोपी पहिल्या ठोक्यास फुटत नसेल तर कमान थकली आहे असे समजावे. तिसरी अर्ध्या घोड्याची खाच, आणि चौथी बिजागरीचा सैलपणा. ही चारही कामे परवानाधारक कारागिराची आहेत. नक्षी, मुलामा, नवा पट्टा यांचा विचार त्यानंतर करावा. न केला तरी पिकाचे काही बिघडत नाही.

आणि जर नळीच गेली असेल, बुडाशी खोल खळगे असतील किंवा नळी फुगली असेल, तर तिच्यावर एक पैसाही खर्च करू नये. वडिलांची आठवण म्हणून ती भिंतीवर ठेवण्याचा मोह होतो, परंतु निकामी बंदूकही कायद्याच्या दृष्टीने बंदूकच आहे. धनी वारला आणि वारसाच्या नावे परवाना नसला, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पुढील अर्ज करावा.

आपण नांगराचा फाळ हंगाम संपला की धुऊन, पुसून, तेल लावून ठेवतो. बैलाचा खूर दुखला तर रात्र जागवितो. बंदुकीस तेवढीच निगा लागते, अधिक नाही. मात्र फाळाची हयगय झाली तर तास उथळ जाते, आणि बंदुकीची हयगय झाली तर घरचा कर्ता माणूस जातो. म्हणून भरण्यापूर्वी गजाची खूण पाहावी, झाडल्यावर त्याच संध्याकाळी पाणी, मग तेल, आणि संशय येताच कारागिराचे घर गाठावे. एवढे पाळले तर स्वस्तात मिळालेली जुनी बंदूकही पीक राखील, आणि राखणदारासही राखील.